गवतावरून जाणारी बोट आणि आबांचा प्रश्न : खालचा दोर कशाला?

आबा, म्हणजे माझे वडील, जूनमध्ये पहिल्यांदा माझ्याकडे पोलंडला आले. मी ग्दान्स्कला राहते, नोकरीमुळे सहा वर्षं झाली आता. त्यांना काय दाखवायचं हा मोठाच प्रश्न होता, कारण चर्च, राजवाडे, जुन्या गल्ल्या हे सगळं दोन दिवसांत उरकलं, ते शांतपणे बघायचे, छान आहे म्हणायचे आणि मग नदीच्या काठी जाऊन उभे राहायचे, पाणी किती वेगाने चाललंय ते बघत. पाटबंधारे खात्यात उभी हयात कालव्यावर गेलेला माणूस, रात्री अपरात्री बॅटरी घेऊन दारं बघायला जाणारा, त्याला पाण्याशिवाय दुसरं काय दिसणार. तेव्हा मला एकदम एल्ब्लाँगचा कालवा आठवला. मी स्वतः तोवर पाहिला नव्हता, ऑफिसमधल्या लोकांकडून नुसतं ऐकलं होतं की तिथे बोट पाण्यातून बाहेर येते आणि रुळांवरून गवतातून टेकडी चढते.

आबांना सांगितलं तर म्हणाले, "इंजिन लावलं असंल मोठं."

मी म्हटलं, नाही आबा, इंजिन नाही, वीज पण नाही, पाण्यावर चालतं सगळं. त्यावर ते काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पहिला प्रश्न तोच, "मग कधी जायचं म्हणालीस?"

आधी बुकिंगचं सांगते कारण आमचा एक शनिवार त्यात वाया गेला. बोटी साधारण मे ते सप्टेंबर चालतात, आणि सुट्टीच्या दिवशी तिकिटं आधीच संपतात. मी ज्यांच्याकडे पहिल्यांदा तिकीट काढलं त्यांनी आदल्या रात्री उशिरा मेसेज टाकला की उद्याची फेरी रद्द, कारण काही नाही, पैसे परत मिळाले पण आबा बिचारे सकाळी सहाला स्वेटर घालून तयार बसले होते. म्हणून पुढच्या वेळी मी रजा टाकून मधल्या वारी, बुधवारी, दुसऱ्यांकडे काढलं आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घेतली. कुणी जाणार असेल तर हेच करा, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी जाड जॅकेट घ्या, जून असला तरी सकाळी पाण्यावर वारा बोचतो.

ग्दान्स्कहून एल्ब्लाँगला ट्रेनने साधारण तासाभरात पोचतो. तिथून धक्क्यावर. बोट लांबट, सपाट तळाची, अरुंद. आबांनी धक्क्यावरूनच पावलं टाकून लांबी मोजली आणि रुंदीकडे बघून म्हणाले की तीन मीटरच्या आतबाहेर दिसतीय. बरोबरच होतं, कारण टेकडी चढताना बोट रुळांवरच्या एका गाड्यावर बसते, त्यावर मावायची म्हणजे बोट त्याच मापाची पाहिजे, जुन्या मालवाहू नावासुद्धा त्याच हिशोबाने बांधलेल्या असायच्या, आणि वजन साधारण ५० टनापर्यंत चालतं.

पहिला बराच वेळ द्रुझ्नो नावाच्या तलावातून जातो. तलाव म्हणायचा पण इतका उथळ की बऱ्याच ठिकाणी माणूस उभा राहील, बोटीसाठी आखलेली एक वाट आहे तेवढीच, दोन्हीकडे पिवळी कमळं, बोरू, आणि पक्षी तर विचारू नका, पाणकावळे, हंस, डुबकी मारून भलतीकडेच वर येणारे ते छोटे पक्षी. सगळा भाग पक्ष्यांसाठी राखीव आहे. लोक फोटो काढत होते. आबा मात्र पाण्याची पातळी बघत होते. हा तलाव जवळजवळ समुद्राच्या पातळीला आहे आणि आपल्याला वर जायचंय ९९ मीटर, ते सुद्धा साडेनऊ-दहा किलोमीटरच्या टप्प्यात, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे वळून बसले.

"शंभर मीटर? आगं कालवा हाय का घाट?"

तर हे सगळं कशासाठी केलं ते सांगते. तेव्हा हा भाग प्रशियात होता. आतल्या बाजूला ऑस्त्रुदाच्या आसपास मोठमोठी तळी आणि घनदाट जंगलं, तिथलं लाकूड आणि धान्य एल्ब्लाँगला, म्हणजे बाल्टिक समुद्राच्या वाटेवर आणायचं होतं. तळी उंचावर, बंदर खाली. गेओर्ग याकोब श्टेंके नावाच्या इंजिनिअरने हे काम हातात घेतलं, १८४४ ला सुरुवात झाली आणि १८६० ला कालवा सुरू झाला. वरच्या तळ्यांचं पाणी वेगवेगळ्या पातळीला होतं, ते त्याने उतरवून एका पातळीला आणलं, म्हणजे तिकडे वर कित्येक किलोमीटर बोट आरामात जाते. पण मधला हा उतार? एवढ्या चढाला साधी पद्धत म्हणजे लॉक, म्हणजे दोन दारांमधली कोठी, बोट आत घ्यायची, पाणी भरायचं, बोट वर, पुढचं दार उघडायचं. पण श्टेंके अमेरिकेत जाऊन आला, तिथे न्यू जर्सीत मॉरिस कालव्यावर बोटी गाड्यावर चढवून उतारावरून ओढायचे, असे २३ उतार होते त्या एका कालव्यावर. तो कालवा पुढे १९२४ मध्ये बंदच झाला. इथला मात्र चालू आहे.

सुरुवातीला श्टेंकेने वरच्या बाजूला चार उतार बांधले आणि अगदी खाली, एल्ब्लाँगच्या बाजूला, पाच लाकडी लॉक ठेवले. ते लॉक १८७४ ते १८८१ मध्ये काढून तिथे पाचवा उतार केला, त्सावूनीचा. तो उतार पावणेचौदा मीटरचा आहे. हे मी वाचून दाखवलं आणि आबांनी लगेच बोटांवर हिशोब केला, पाच दारांत पावणेचौदा, म्हणजे एका दाराला पावणेतीन, मग ९९ ला छत्तीस. छत्तीस वेळा कोठी भरायची, छत्तीस वेळा पाणी सोडायचं. "वरचं तळं रिकामं हुईल की. आन माणूस म्हातारा हुईल." मला हा हिशोब कुठल्याच माहितीपत्रकात दिसला नव्हता, पण ज्याने पाण्याच्या पाळ्या लावल्यात त्याच्या डोक्यात तो आधी येतो.

आपण खालून वर चाललो होतो त्यामुळे पहिला आला तो हाच त्सावूनीचा उतार. बोट हळू झाली. समोर कालवा संपलेला. खरंच संपलेला, पुढे हिरवी टेकडी आणि त्यावरून वर जाणारे रुळांचे दोन जोड, रुळ थेट पाण्यात शिरलेले. पाण्यातून लोखंडी कठडे वर आलेले दिसत होते दोन्ही बाजूला, नुसते कठडे, बाकी गाडा पूर्ण पाण्याखाली. बोट त्या दोन कठड्यांच्या मधे शिरली, खलाशाने उडी मारून दोर बांधला, इंजिन बंद केलं. मग त्याने घंटा वाजवली. वर मशीनघरात जो माणूस असतो त्याला ही खूण, की आम्ही तयार.

थोडा वेळ काहीच होत नाही. सगळे गप्प. मग पायाखाली एक बारीकसा धक्का बसतो आणि समोरचा जाड तारेचा दोर ताणला जातो, त्यावरचं पाणी थेंबथेंब उडतं. बोट पुढे सरकते पण तरंगत असल्यासारखी नाही, टेकल्यासारखी. दोन्ही बाजूंनी पाणी ओघळायला लागतं, गाड्याच्या पट्ट्यांमधून, बोटीच्या अंगावरून, शेवाळाचा वास येतो एकदम, आणि खाली बघितलं तर पाणी नाही, गवत. पांढरी फुलं. रुळाच्या बाजूने एक बाई कुत्र्याला घेऊन चालत होती आणि ती आमच्यापेक्षा पुढे गेली. आवाज फक्त चाकांचा, कुरकुर आणि खडखड, बाकी शांत. मी आबांचा व्हिडिओ काढायचा म्हणून फोन काढला होता, तो तसाच हातात राहिला.

अर्ध्यावर समोरून दुसरा गाडा उतरत आला. त्यावर दोन कयाक ठेवलेल्या, चार तरुण पोरं हात हलवत होती. तेव्हा आबा पहिल्यांदा मोठ्याने बोलले, "हे बघ, एक उतरतंय म्हणून एक चढतंय."

हेच त्याचं मर्म आहे. दोन्ही गाडे एकाच दोराला बांधलेले, एक खाली येतो त्याचं वजन दुसऱ्याला वर न्यायला मदत करतं. त्यामुळे ओढणाऱ्या यंत्राला फक्त फरकाचं वजन आणि घर्षण एवढंच ओढायचं असतं. आबांना मोट आठवली. ज्यांनी मोट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, विहिरीच्या काठाला बैलांसाठी उताराची धाव केलेली असते, बैल त्या धावेवरून खाली चालत जातात आणि मोट भरून वर येते, म्हणजे बैलाची ताकद तर लागतेच पण उतरताना त्याचं वजनही कामाला येतं. माझ्या आजोबांची मोट आबांनी लहानपणी हाकली आहे. मी फक्त त्यांच्याकडून ऐकलीय, आणि त्या दिवशी पोलंडमधल्या एका टेकडीवर मला ती नीट कळली.

त्सावूनीला टर्बाइन आहे, बाकी चार ठिकाणी मोठी पाणचक्की. हे आबांना सांगितलं आणि त्यांचं सगळं लक्ष त्यावरच गेलं, चाक कुठाय, पाणी कुठनं येतंय, सोडलेलं पाणी कुठं जातंय. दुसरा उतार आला येलेन्ये, तिसरा ओलेश्नित्सा, चौथा कोंती. मधेमधे कालवा सरळ, दोन्हीकडे झाडं, गाई उभ्या. प्रत्येक उतारावर तेच, बांध, घंटा, धक्का, गवत, परत पाणी. मला वाटलं होतं दुसऱ्यातिसऱ्या वेळी कंटाळा येईल. नाही आला, उलट प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी बघायला लागलो. येलेन्येला आबांना दिसलं की गाड्याला वरच्या बाजूला दोर आहेच, पण खालच्या बाजूला पण एक दोर आहे, आमच्या मागे रुळांमधून खाली पाण्यात गेलेला.

"खालचा दोर कशाला?"

मला वाटलं सुरक्षेसाठी असेल. आबा म्हणाले, नाही, तो पण ताणलेला हाय, तो काम करतोय. आणि मग त्यांनी ओलेश्नित्सा आणि कोंती दोन्ही उतार मागच्या बाजूला उभं राहून काढले, सगळे पुढे बघतायत आणि हे एकटे मागे. मधे मी सँडविच दिलं तर ते हातातच धरून.

उताराच्या माथ्याला एक गोष्ट होते ती मला आधी माहीत नव्हती. मला वाटायचं गाडा वर पोचला की झालं, दार उघडून बोट पाण्यात. पण दार नाहीच तिथे. टेकडीच्या माथ्यावर एक उंचवटा आहे, वरच्या कालव्याच्या पाण्यापेक्षा थोडा उंच, गाडा तो उंचवटा ओलांडतो आणि पलीकडे परत थोडा उतरून पाण्यात शिरतो. शिरता शिरता बोट आपोआप तरंगते, गाडा खाली राहतो, खलाशी दोर सोडतो, इंजिन चालू, निघाली. दार नाही म्हणजे गळती नाही, वरचं पाणी वरच. हे इतकं साधं आहे की मला फार आवडलं.

शेवटचा बुचिन्येत्स, वीसेक मीटर चढाचा. तिथे आमची फेरी संपत होती, उतरून थोडा वेळ होता. छोटंसं संग्रहालय आहे, श्टेंकेच्या स्मरणाचा दगडी स्तंभ आहे १८७२ चा, म्हणजे त्याच्या हयातीतच उभारलेला, तो १८८४ ला वारला. पण आबा सरळ मशीनघराकडे. आतल्या माणसाने त्यांना दारात उभं बघितलं, मला विचारलं, मी माझ्या मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये सांगितलं की माझे वडील भारतात कालव्यावर नोकरीला होते. त्याने हाताने आत या अशी खूण केली.

ते चाक. लोखंडी, आठेक मीटर व्यासाचं, दोन मजली घराएवढं, कडेने सगळीकडे कप्पे. बाहेरून दुसऱ्या बोटीची घंटा ऐकू आली. त्या माणसाने एक मोठं फिरकीचं चाक हाताने फिरवलं, म्हणजे झडप उघडली, वरच्या कालव्यातून पाईपने आलेलं पाणी कप्प्यांत पडायला लागलं. पहिले काही क्षण चाक जागचं हललं नाही, कप्पे भरत गेले, आणि मग ते इतकं सावकाश फिरायला लागलं की आधी कळलंच नाही. त्याला जोडलेले दातेरी चक्र, मग दोराचा मोठा ढोल. पाणी खाली पडून ओढ्यासारखं खालच्या कालव्याकडे वाहून जात होतं. सगळी जागा थंड आणि ओलसर, ग्रीसचा वास, आणि तो माणूस खिडकीतून उताराकडे बघत एक हात त्या फिरकीवर ठेवून उभा. गाडा माथ्याजवळ आला तसं त्याने पाणी कमी केलं, अगदी बेताने.

आबा त्याच्या हाताकडेच बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "गेटवर आसाच हात लागतो."

आणि मग आमच्या राधानगरीचं निघालं. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते पाण्याच्याच दाबाने उघडतात, दर पावसाळ्यात कोल्हापूरकरांचं निम्मं लक्ष त्या बातमीकडे असतं, कितवा दरवाजा उघडला. पाण्याकडूनच पाण्याचं काम करून घेणं आबांना नवीन नाही. पण पाण्याने ५० टनाची बोट डोंगरावर चढवायची हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. रहाटात बैल चाक फिरवून पाणी वर आणतात, इथे पाणी चाक फिरवून बोट वर आणतंय, उलटा रहाट, असं ते म्हणाले.

परत जायला बस होती. चढायला आम्हाला साडेचार तास लागले होते आणि बसने एल्ब्लाँगला अर्ध्या पाऊण तासात आणून सोडलं. रेल्वे आल्यावर ह्या कालव्याचं काय झालं असेल ते त्यावरून कळतं, मालाची वाहतूक कमी कमी होत गेली. पण १९१२ पासून ऑस्त्रुदाच्या आडोल्फ टेट्स्लाफ नावाच्या माणसाने प्रवासी बोटी सुरू केल्या आणि त्यामुळे उतार वापरात राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मोडतोड झाली, मग दुरुस्त करून १९४८ च्या सुमारास परत चालू. अलीकडे २०१३ ते २०१५ मोठी दुरुस्ती झाली, २०११ मध्ये त्याला देशाचं ऐतिहासिक स्मारक म्हणून दर्जा मिळाला. पण काचेत ठेवलेलं नाही, रोज चालतं, मला हेच मोठं वाटतं.

१९४५ नंतर इथले जर्मन लोक गेले आणि त्यांच्या जागी पोलंडच्या पूर्व भागातून हुसकलेली कुटुंबं आली, म्हणजे कालवा बांधणारे एक आणि जपणारे दुसरे. हे बसमध्ये सांगितल्यावर आबा म्हणाले, आपल्या वळिवड्याला आलेले पोलिश लोक पण तिकडचेच ना. हो, तिकडचेच. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यातले बहुतेक याच पूर्वेकडच्या भागातून हाकलले गेलेले. माझ्या आजीने त्यांच्या बायका कोल्हापूरच्या बाजारात बघितल्या होत्या, ती सांगायची.

ट्रेनमध्ये बसल्यावर आबांनी माझ्याकडे पेन मागितलं. तिकिटाच्या छापील कागदाच्या मागे त्यांनी टेकडी काढली, माथ्याचा उंचवटा काढला, वर पाणी, खाली पाणी, आणि दोन गाडे. मग वरचा दोर, ढोलाकडे जाणारा. मग थांबले. बाहेर सपाट शेतं जात होती, रात्रीचे आठ वाजले तरी लख्ख ऊन. ग्दान्स्कच्या अलीकडे कुठेतरी त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"हे बघ. उतरणारा गाडा सुरवातीला कुठं असतो? वरच्या पाण्यात. उंचवट्याच्या पलीकडं. त्याला आधी चढून अलीकडं यायचंय. वरचा दोर त्याला मागं वढणार, पुढं कोण आणणार? म्हणून खालचा दोर." त्यांनी रेघ काढली, चढणाऱ्या गाड्याच्या शेपटापासून खाली पाण्यातल्या कप्पीला वळसा घालून उतरणाऱ्या गाड्याच्या तोंडापर्यंत. "चढणारा गाडाच त्याला उंचवट्यावरनं वढून घेतोय. मोटंला बी दोन दोर असत्यात. वढायचा जाड नाडा आन सोंडंला बांधलेला बारीक सोंदूर. नुसत्या नाड्यावर मोट वर यील, पर सोंडंतनं पाणी पाटात सोडायला सोंदूर लागतोच."

तो कागद मी फ्रिजवर लावलाय. आबा परत गेले जुलैत, आणि जाताना विचारून गेले की हिवाळ्यात ते चाक गोठत असेल तेव्हा त्याची देखभाल कशी करतात, पुढच्या वेळी गेलीस की त्या माणसाला विचार.